पगारपत्रक बनवून देणारी सेवा: ओव्हरटाइमच्या रकान्यात काय चालते

ऑगस्ट २०२५ च्या पगारपत्रकात आमच्या स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाच्या नावासमोर ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य छापून आले. त्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती आणि तिच्या आधीचे तीन आठवडे मिठाईच्या खोक्यांच्या मागणीमुळे गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना रोज संध्याकाळी उशिरापर्यंत चालला होता. हा माणूस त्यातल्या प्रत्येक दिवशी शेवटचा टेम्पो भरून मगच बाहेर पडला होता. पतसंस्थेकडून मिळालेल्या खिशातल्या डायरीत त्याने प्रत्येक दिवसाचे जादा तास पेन्सिलीने लिहून ठेवले होते आणि त्यांची बेरीज चौतीस होत होती. डायरी माझ्या टेबलावर ठेवून तो एवढेच म्हणाला, "ताई, मशीन म्हणते मी पाचला घरी गेलो." मशीन तसे म्हणत नव्हते. हजेरीच्या मशीनमध्ये त्याचे सगळे पंच, म्हणजे येण्याजाण्याच्या वेळा, व्यवस्थित नोंदलेले होते, आणि म्हणूनच या सेवेचे परीक्षण सविस्तर लिहिण्याची गरज मला वाटली.

आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवतो. माणसे साधारण चाळीस आहेत आणि हिशेब व पगार ही दोन्ही कामे गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहेत. एप्रिल २०२५ पर्यंत मी पगारपत्रक स्प्रेडशीटवर बनवत होते. त्यानंतर मालकांनी इंटरनेटवर चालणारी, हजेरीच्या मशीनला जोडता येणारी एक पगारसेवा घेतली. तिचा दर माणशी दरमहा साठ रुपये असून सुरुवातीच्या मांडणीचे शुल्क वेगळे द्यावे लागले. सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण आमचा करार मार्चपर्यंत चालू आहे आणि दुरुस्त्यांविषयीचे बोलणेही अजून संपलेले नाही. कोणतीही पगारसेवा विकत घेताना ओव्हरटाइमबाबत काय तपासावे, हे नावाशिवायही सांगता येते.

चांगले आधी सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. पगाराची चिठ्ठी प्रत्येकाच्या फोनवर जाते, त्यामुळे पूर्वी आठ तारखेला माझ्या दारात लागणारी रांग बंद झाली. भविष्यनिर्वाह निधीची फाइल एका बटणावर तयार होते आणि आजवर ती एकदाही परत आलेली नाही. त्या निधीची वर्गणी काढताना ओव्हरटाइमची रक्कम धरायची नसते, हा नियमही ही सेवा पहिल्या महिन्यापासून अचूक पाळते. रजेची शिल्लक स्वतः कामगारालाच दिसत असल्यामुळे "माझ्या किती उरल्या" हा प्रश्न आता मला कोणी विचारत नाही. दूरध्वनीवरची माणसे पुण्याची आहेत, मराठीत बोलतात आणि फोन उचलतात.

पहिल्या महिन्यातली एक चूक मात्र गमतीची होती. कंपनीची मांडणी करताना कोणीतरी राज्य म्हणून महाराष्ट्र निवडले होते, त्यामुळे सगळ्यांच्या पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर कापला गेला. गोव्यात पगारावर असा कर कापला जात नाही. पुढच्या महिन्यात पैसे परत मिळाले आणि कोणी फारसे मनावर घेतले नाही. माझ्या मनात मात्र त्या वेळीच यायला हवे होते की, ज्या खणात राज्य चुकीचे निवडले गेले, त्याच्या शेजारच्या खणांत आणखी काय काय निवडले गेले असेल.

ऑगस्टच्या शून्याचे कारण अशाच एका खणात सापडले. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या माहितीत "कामगार" आणि "मासिक पगारी स्टाफ" असे दोन पर्याय आहेत. दुसरा पर्याय निवडला की "ओव्हरटाइम लागू नाही" ही खूण आपोआप होते. आमच्या स्टोअरच्या माणसाचे पद नेमणूकपत्रात "स्टोअर सुपरवायझर" असे आहे, आणि ते पद आम्हीच, पगार न वाढवता मान वाढवण्यासाठी, चार वर्षांपूर्वी दिले होते. मांडणी करणाऱ्याने पद पाहिले आणि स्टाफवर टिचकी मारली. महिन्याचा पगार असला की ओव्हरटाइम नसतो, ही समजूत केवळ या सेवेची नाही. फोंड्यापासून वेर्ण्यापर्यंत अनेक कार्यालयांत ती मी ऐकली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात मात्र पगार दिवसावर आहे की महिन्यावर, यावरून काहीच ठरत नव्हते. उत्पादनाच्या किंवा त्याच्याशी निगडित कामात असलेला माणूस हा कामगार, एवढाच त्या व्याख्येचा गाभा होता. देखरेखीच्या, व्यवस्थापनाच्या किंवा विश्वासाच्या पदांवरील माणसांना कलम ६४ खाली राज्याच्या नियमांनी तासांच्या मर्यादेतून वगळता येत असे. परंतु त्याच कलमाच्या परंतुकात असेही होते की, अशा माणसाचा पगार वेतन प्रदान अधिनियमातल्या मर्यादेपेक्षा जास्त नसेल, तर जादा कामाचे जादा वेतन त्याला मिळालेच पाहिजे. ही मर्यादा २०१७ पासून महिना २४,००० रुपये होती आणि आमच्या माणसाचा पगार २०,८०० आहे. म्हणजे तो खरोखरचा सुपरवायझर असता, तरीही ऑगस्टच्या रकान्यात शून्य येऊ शकत नव्हते. सेवेने पदाचे नाव विचारले आणि पगाराचा आकडा तिच्याकडे असूनही तो तपासला नाही. हा दोष मी सर्वात गंभीर मानते, कारण तो चिठ्ठीवर कुठेही दिसत नाही. शून्याखाली कारण छापलेले नसते.

मी खूण बदलली आणि पगार पुन्हा चालवला. आता रकान्यात ४,०९५ रुपये आले. माणूस समाधानी झाला, मी झाले नाही. माझ्या जुन्या पद्धतीने ही रक्कम ६,८०० व्हायला हवी होती.

हा फरक कुठून आला, ते सावकाश सांगते, कारण सेवेचा खरा कस इथेच लागतो. त्याच्या पगाराची फोड अशी आहे: मूळ वेतन १३,०००, महागाई भत्ता २,६००, घरभाडे भत्ता ३,९०० आणि प्रवास भत्ता १,३००. कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे ओव्हरटाइमचा दर साधारण वेतनाच्या दुप्पट असायचा आणि साधारण वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या वेळी लागू असलेले भत्ते. त्यातून बोनस आणि खुद्द ओव्हरटाइमची रक्कम तेवढी वगळलेली होती. आम्ही सर्व भत्ते धरत आलो आहोत. २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८००, भागिले ८ म्हणजे तासाचे १००, आणि दुप्पट म्हणजे २००. सेवेने आपल्या मूळ मांडणीप्रमाणे फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्ता, म्हणजे १५,६०० रुपये घेतले, त्यांना ३० ने भागले, दिवसाचे ५२० काढले, तासाचे ६५ आणि दुप्पट १३०. दुप्पट करायला ती चुकली नाही. दुप्पट कशाची करायची, हे तिने स्वतःच ठरवले होते.

यातला ३० चा भाजक मला भत्त्यांपेक्षाही जास्त खटकतो. महिन्याच्या पगारात रविवारचा पगार आधीच मिसळलेला असतो. कामाचे दिवस सव्वीसच असतात, म्हणून कामाच्या एका दिवसाची किंमत काढताना सव्वीसनेच भागायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात, दिग्विजय वुलन मिल्सच्या निकालात, हाच विचार मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने २६ हा आकडा ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच लिहिला गेला. तो कायदा ओव्हरटाइमचा नव्हे, हे खरे. पण तर्क तोच आहे. विशेष म्हणजे ही सेवा ग्रॅच्युइटी काढताना २६ ने भागते आणि ओव्हरटाइम काढताना ३० ने. याविषयी मी फोनवर विचारले, तेव्हा पलीकडच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की बहुतेक ग्राहक तीसच ठेवतात. ग्राहक म्हणजे मालक, कामगार नव्हे, हे त्याच्या लक्षात आले नसावे. भाजक बदलण्याची सोय सेवेत आहे, एवढे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. मात्र ती "प्रगत मांडणी" नावाच्या पानावर तिसऱ्या पातळीवर दडलेली आहे आणि बदलल्यावर मागच्या महिन्यांना लागू होत नाही.

आता तास. डायरीत चौतीस, सेवेत साडेएकतीस. अडीच तास कुठे गेले ते शोधायला मी त्याचे अठरा दिवसांचे पंच कागदावर उतरवून काढले. सेवा प्रत्येक दिवसाचा जादा वेळ अर्ध्या तासाच्या पटीत खाली आणते. पाचला सुटणारा माणूस सात वाजून पंचवीस मिनिटांनी पंच करून बाहेर पडला, तर त्याचे दोन तास धरले जातात आणि पंचवीस मिनिटे नाहीशी होतात. आमच्याकडून फोंड्याकडे जाणारी बस साडेसातला फाटकासमोरून जाते. ती चुकली तर हमरस्त्यावर पावसात उभे राहावे लागते, म्हणून माणसे सात-पंचवीसलाच पंच करतात. ज्या वेळी माणूस बाहेर पडतो नेमकी तीच वेळ मशीन गिळते, आणि रोजचे आठ-नऊ मिनिटांचे सरासरी नुकसान महिन्याच्या शेवटी अडीच तासांचे होते. किमान वेतन अधिनियमाच्या कलम १४ मध्ये जादा कामाच्या "प्रत्येक तासासाठी किंवा तासाच्या भागासाठी" असे शब्द होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच शब्द ठेवले आहेत. अर्ध्या तासाखालचा भाग शून्य मानावा, असे त्यांत कुठे नाही. आम्ही आता मिनिटांवर हिशेब करतो. तशी मांडणी सेवेत होते, फक्त ती मागावी लागते.

तासांच्या बाबतीत यापेक्षा खोल चूक मला जूनमध्येच दिसली होती. तेव्हा मी ती एकदाच घडलेली गडबड समजून हाताने दुरुस्त केली. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी एका बुधवारी दिवसभर वीज बंद राहणार होती, म्हणून छपाई यंत्रावरच्या दोन माणसांना त्या रात्री आठ ते सकाळी सात असे बोलावले. अर्ध्या तासाची सुटी वजा जाता काम साडेदहा तास झाले. दिवसाला नऊ तासांच्या वर ओव्हरटाइम, या नियमाने दीड तास जादा भरायला हवा होता. सेवेने मध्यरात्री दिवस तोडला. बुधवारचे चार तास आणि गुरुवारचे साडेसहा, दोन्ही नऊच्या आत, ओव्हरटाइम शून्य. कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये नेमकी हीच अडचण ओळखून लिहिलेले होते की, पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे. सलग रात्रपाळ्या असल्या की ही चूक अर्धी झाकली जाते, कारण मधल्या दिवशी आदल्या रात्रीचे साडेसहा आणि नव्या रात्रीचे चार मिळून पुन्हा साडेदहा भरतात. पहिल्या आणि शेवटच्या टोकाला मात्र तास गळतातच. दोन सलग रात्रींचे तीन तास जादा असताना सेवा दीडच दाखवते. ज्या कारखान्यात रात्रपाळी आठवडाभर चालते, तिथे हे कोणाच्याच लक्षात येणार नाही, अशी मला भीती वाटते.

याच्याच जोडीला दिवस आणि आठवडा यांचा प्रश्न आहे. नियम दोन्हींचा होता: दिवसाला नऊ तासांच्या वर किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर. कोणी सोमवारी दहा तास काम करून शनिवारी रजा घेतली, तर आठवड्याची बेरीज बेचाळीसच होते, पण सोमवारचा एक तास जादाचाच राहतो. उलट, रोज साडेआठ तास सहा दिवस काम केले, तर एकाही दिवशी नऊ ओलांडले जात नाहीत, तरी आठवड्याचे एकावन्न होतात आणि तीन तास जादा ठरतात. सेवेत "दैनिक" किंवा "साप्ताहिक" यांपैकी एकच निवडता येते. दोन्ही तपासून तोच तास दोनदा न मोजणे हे संगणकाला अवघड नाही. माझ्या जुन्या तक्त्यात ते एका सूत्रात बसत होते. अर्थात त्या तक्त्याचीही एक खोड होती. तासांच्या बेरजेच्या खणाचे स्वरूप बदलायला विसरले, तर सव्वीस तासांचे तो दोनच दाखवत असे, कारण चोवीसनंतर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. पण ती चूक इतकी ढोबळ असे की नजरेतून सुटत नसे.

कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याच्या) बाबतीत मात्र सेवा कामगाराच्या खिशात क्षणभर पैसे ठेवून त्याचे नुकसान करते. ऑगस्टची दुरुस्त रक्कम धरून स्टोअरच्या माणसाचा महिना २७,६०० वर गेला आणि सेवेने "मर्यादा ओलांडली" असे सांगून त्याची विमा वर्गणी बंद केली. मर्यादा २१,००० रुपयांची आहे, पण ती पाहताना ओव्हरटाइम धरायचा नसतो. वर्गणी काढताना मात्र तो धरायचा असतो. शिवाय वर्गणीच्या सहामाहीच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, जो माणूस योजनेत आहे तो त्या सहामाहीच्या शेवटापर्यंत योजनेतच राहतो. त्यामुळे २७,६०० वर पाऊण टक्क्याने त्याचे २०७ रुपये आणि सव्वातीन टक्क्यांनी आमचे ८९७ रुपये भरणे योग्य होते. दोनशे सात रुपये वाचले म्हणून तो खूश होता. मडगावच्या विमा रुग्णालयात कार्ड चालेनासे झाले तर काय होईल, हे सांगितल्यावर त्याने स्वतःच ते कापायला सांगितले.

ओव्हरटाइमऐवजी बदली रजा देण्याचा पर्यायही सेवेत आहे. तो आम्ही बंद ठेवला आहे. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी द्यायची असते; जादा तासांच्या पैशांना ती पर्याय होत नाही.

तक्रारींच्या निवारणाविषयी थोडे. विम्याची चूक आठ दिवसांत दुरुस्त झाली आणि त्यांनी कारण लेखी कळवले. भाजक आणि मिनिटे आम्हीच बदलली. मध्यरात्रीच्या प्रश्नावर "हजेरी मशीनची मांडणी तपासा" असे उत्तर तीनदा आले. चौथ्यांदा मी त्या बुधवारचे पंच आणि कलम ५७ चा मजकूर एकाच पानावर छापून पाठवला, तेव्हा प्रश्न "विकास विभागाकडे" गेला आणि अजून तिथेच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि या हिशेबाला एक वळण मिळाले. वेतन संहितेच्या व्याख्येत वेतन म्हणजे मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे, प्रवास यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तरच वरचा भाग वेतनात धरायचा. आमच्या माणसाचे वगळलेले भत्ते ५,२०० आहेत, म्हणजे पाव हिस्सा. त्यामुळे त्याचे वेतन १५,६०० ठरते, आणि सेवेने ऑगस्टमध्ये चुकीने धरलेला पाया डिसेंबरमध्ये योग्य ठरला. हे वाचून मला हसू आले. मात्र तीसचा भाजक त्यामुळे बरोबर ठरत नाही. १५,६०० भागिले २६, भागिले ८, दुप्पट केले तर तासाला १५० होतात, १३० नव्हेत. शिवाय संहितेचे शब्द "दुपटीपेक्षा कमी नाही" असे आहेत, म्हणून चालत आलेला २०० चा दर खाली आणण्याची सक्ती कोणावर नाही. आमच्या मालकांनी तो कायम ठेवला. सुपरवायझरांसाठी आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत महिना १८,००० रुपये वेतनाची रेषा आहे आणि स्टोअरचा माणूस तिच्याही आतच आहे. सेवेने डिसेंबरमध्ये सर्व ग्राहकांना संहितांविषयी चार पानांचे सुबक पत्रक पाठवले. त्यात निम्म्या वेतनाचा नियम सोप्या उदाहरणाने समजावला आहे, आणि तो भाग खरोखर वाचण्यासारखा आहे. ओव्हरटाइमवर त्यात दोन ओळी आहेत.

पगाराच्या चिठ्ठ्या, रजा आणि निधीच्या फाइली यांसाठी साठ रुपये मला जास्त वाटत नाहीत. ज्या कार्यालयात ओव्हरटाइम होतच नाही, तिथे ही सेवा डोळे मिटून घेता येईल. कारखाना, हॉटेल किंवा रात्रपाळी असलेले कोणतेही काम असेल, तर खरेदीपूर्वी एका माणसाचा एक महिना हाताने काढावा, तोच सेवेकडून काढून घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून विक्रेत्यालाच फरक समजावायला सांगावा. त्या महिन्यात निदान एका रात्रीपुरती एक रात्रपाळी आणि एक रजेचा शनिवार असेल, असे पाहावे. आम्ही हे एप्रिलमध्ये केले नाही, ती चूक आमची होती.

नूतनीकरणासाठी मी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: मध्यरात्री दिवस न तोडणे, दैनिक आणि साप्ताहिक दोन्ही मर्यादा एकत्र तपासणे, आणि ओव्हरटाइम शून्य असेल तेव्हा त्याचे कारण चिठ्ठीवर छापणे. पहिल्या दोन्हींवर "विचाराधीन" असे उत्तर आले आहे. तिसरी गोष्ट त्यांनी मागच्या आठवड्यातच करून दिली. स्टोअरचा माणूस डायरी अजून लिहितो, आणि महिन्याच्या एक तारखेला ती माझ्या टेबलावर ठेवतो.